घाऊक टपाल व्यवसायाची बाजू आमचा संघ कशी मांडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर, सातपूर, अंबड आणि नाशिकरोड येथे घाऊक टपालाचे काम करणाऱ्या छोट्या-मोठ्या व्यावसायिकांच्या संघातर्फे ही प्रश्नोत्तरे तयार केली आहेत. बैठकांमध्ये आणि दूरध्वनीवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच येथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते विषय आमच्या रोजच्या पोटापाण्याचे आहेत.

घाऊक टपाल व्यवसाय म्हणजे नेमके काय?

एकाच स्वरूपाचा मजकूर शेकडो किंवा हजारो पत्त्यांवर एकाच वेळी टपालाने रवाना करण्याचे काम म्हणजे घाऊक टपाल. पतसंस्थेच्या सभेची नोटीस, बँकेचे थकबाकीचे पत्र, कंपनीचे भागधारकांना जाणारे पत्र, नियतकालिकाचा अंक, देवस्थानाचे किंवा शिक्षणसंस्थेचे देणगीचे आवाहन, असे सारे त्यात येते. ग्राहक आम्हाला मजकूर आणि यादी देतो. पुढे यादीतील दुबार नावे काढणे, छपाई, घड्या घालणे, पाकिटे भरून बंद करणे, पत्त्याची लेबले चिकटवणे, फ्रँकिंग करणे (तिकिटाऐवजी यंत्राने टपालशुल्काचा ठसा उमटवणे), पिनकोडवार गठ्ठे लावून सुतळीने बांधणे आणि ते टपाल कार्यालयाच्या काउंटरवर मोजून देणे, एवढा सगळा प्रवास आमच्याकडे होतो. घड्या घालण्याचे आणि पाकिटे भरण्याचे काम बहुतेक ठिकाणी नगावर मजुरी घेणाऱ्या महिला करतात. टपालाच्या दरात किंवा नियमात होणारा प्रत्येक बदल शेवटी त्यांच्या हातातील कामापर्यंत येऊन पोहोचतो, हे संघाच्या कोणत्याही निवेदनात आम्ही आवर्जून लिहितो.

शहरात उद्योजकांच्या मोठ्या संघटना असताना वेगळा संघ कशासाठी?

त्या संघटनांचे काम मोठे आहे आणि वीज, रस्ते, औद्योगिक भूखंड यांसारख्या प्रश्नांवर आम्हीही त्यांच्यासोबत असतो. परंतु टपालाचा दर वजनाच्या टप्प्यांप्रमाणे वाढतो, आणि वीस ग्रॅमच्या टप्प्यावर अर्धा ग्रॅम जास्त भरला तर काय होते, हा प्रश्न कारखानदारांच्या बैठकीत विषयपत्रिकेवर कधीच येणार नाही, आणि तो यावा अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. आमच्या व्यवसायात कच्च्या मालापेक्षा टपालखर्च मोठा असतो. ग्राहकाच्या देयकातील मोठा वाटा टपाल खात्याकडे जातो, आमच्या वाट्याला त्यातून मजुरी आणि थोडा नफा उरतो. म्हणजे आमच्या धंद्याचे गणित एकाच पुरवठादारावर, टपाल खात्यावर, उभे आहे. एकट्यादुकट्या व्यावसायिकाने त्या खात्याशी बोलायचे म्हटले तर ते एक गाऱ्हाणे ठरते. चाळीस जणांनी आपापल्या नोंदवह्या समोर ठेवल्या की त्याचा पुरावा होतो.

टपालाचे दर कोण ठरवते, आणि संघ दाद कोणाकडे मागतो?

हे उत्तर अलीकडेच बदलले आहे आणि आमच्या अनेक जुन्या सदस्यांच्याही ते अजून अंगवळणी पडलेले नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

१८९८ च्या भारतीय टपाल कायद्याला देशांतर्गत दरांचे परिशिष्ट जोडलेले होते. पत्र, कार्ड, बुकपोस्ट (छापील मजकुराचे स्वस्त टपाल) यांच्या दरांना त्यातून संसदेचे बंधन होते आणि ते परिशिष्ट बदलायचे तर वित्त विधेयकातून, म्हणजे अर्थसंकल्पाच्या वाटेने, जावे लागत असे. त्यामुळे आमच्या व्यवसायातील मागच्या पिढीचा पाठपुरावा ठरलेला होता: हिवाळा सरता सरता खासदारांना निवेदन द्यायचे, अर्थ मंत्रालयाला पत्र पाठवायचे आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी कान टवकारून बसायचे.

त्या कायद्याची जागा २०२३ च्या टपाल कार्यालय कायद्याने घेतली आणि तो १८ जून २०२४ पासून लागू झाला. पत्रे वाहून नेण्याचा सरकारचा जुना एकाधिकार या कायद्यात ठेवलेला नाही. टपाल तिकिटे काढण्याचा एकाधिकार मात्र टपाल खात्याकडेच राहिला, आणि ती तिकिटे १९२० च्या दशकापासून आपल्याच नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापली जात आली आहेत. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सेवांचे आणि शुल्काचे विनियम करण्याचा अधिकार या कायद्याने टपाल सेवा महासंचालकांना दिला आहे. दराचा निर्णय संसदेच्या पटलावरून नवी दिल्लीतील डाक भवनात, म्हणजे टपाल खात्याच्या मुख्यालयात, गेला.

यातून दोन गोष्टी होतात. निर्णय झटपट होऊ शकतो, आणि त्यात चांगलेही आहे, कारण एखादी अडचणीची अट दुरुस्त करण्यासाठी आता वर्षभर थांबावे लागत नाही. परंतु निर्णयापूर्वी जी जाहीर चर्चा होत असे, ती होईलच याची खात्री उरत नाही. वीजदरवाढीचा प्रस्ताव आला की महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग तो प्रसिद्ध करायला लावतो, हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. दूरसंचार क्षेत्रासाठी ट्राय ही नियामक संस्था आहे. टपालासाठी मात्र भारतात स्वतंत्र नियामक नाही. ब्रिटनमध्ये २०११ पासून ऑफकॉम ही संस्था टपालावर देखरेख करते, आणि अमेरिकेत टपाल नियामक आयोगापुढे घाऊक टपाल पाठवणाऱ्यांच्या संघटना आकडेवारीसह बाजू मांडतात. आपल्याकडे लगेच आयोग नेमावा अशी आमची मागणी नाही. दर बदलण्यापूर्वी प्रस्ताव, त्यामागचा खर्चाचा हिशेब आणि हरकतींसाठी किमान तीस दिवस द्यावेत, एवढेच आम्ही मागतो. केंद्र सरकारने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणातही (कायदा किंवा नियम करण्यापूर्वी लोकांची मते मागवण्याच्या धोरणातही) तीस दिवसांचीच मुदत सांगितलेली आहे, त्यामुळे आम्ही काही जगावेगळे मागत आहोत असे कोणी समजू नये.

मग प्रत्यक्षात पाठपुरावा कसा होतो?

पायरीपायरीने होतो. काउंटरवरील अडचण आधी संबंधित पोस्टमास्तरांशी बोलून सोडवण्याचा प्रयत्न होतो, आणि खरे सांगायचे तर निम्म्याहून अधिक तक्रारी तेथेच मिटतात. न मिटल्यास विभागीय कार्यालयाला लेखी पत्र जाते आणि टपाल खाते ठरावीक काळाने भरवत असलेल्या डाक अदालतीत प्रकरण मांडले जाते. नियमाचाच प्रश्न असेल तर मुंबईतील महाराष्ट्र परिमंडळाच्या मुख्य पोस्टमास्तर जनरलांकडे, आणि धोरणाचा असेल तर डाक भवनाकडे जावे लागते. खासदारांचे महत्त्व कमी झालेले नाही. लोकसभेत किंवा राज्यसभेत विचारलेल्या प्रश्नाला मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कायमचे नोंदीवर राहते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आम्ही शेवटी ठेवतो, कारण जे सहज विचारून कळते त्यासाठी अर्ज करणे म्हणजे संबंध उगाच ताणणे होय.

प्रत्येक निवेदनासाठी आम्ही एक पथ्य पाळतो. त्यात तक्रार एक असते, तिचा पुरावा जोडलेला असतो आणि खात्याला काय करता येईल हे स्पष्ट लिहिलेले असते. बारा मागण्यांचे निवेदन स्वीकारले जाते, त्याच्यासोबत छायाचित्र निघते आणि ते फायलीत जाते. असे निवेदन आम्हीही पूर्वी दिले आहे, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो.

रजिस्टर पोस्ट बंद झाल्याने आमच्या ग्राहकांना किती फरक पडला?

रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्याचे खात्याने जाहीर केले, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले. त्याआधीचे स्पीड पोस्टचे दर ऑक्टोबर २०१२ पासूनचे होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

आता हिशेब पाहू. पूर्वी वीस ग्रॅमपर्यंतच्या नोंदणीकृत पत्राला पाच रुपये टपाल आणि सतरा रुपये नोंदणी असे बावीस रुपये पडत. १८ टक्के जीएसटी धरून ते २५ रुपये ९६ पैसे होत. आता पन्नास ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला शहरातल्या शहरात १९ रुपये आणि शहराबाहेर ४७ रुपये आहेत. पत्र नावाच्या व्यक्तीच्याच हाती द्यायचे तर नोंदणीचे पाच रुपये वेगळे, आणि सगळ्यावर जीएसटी. म्हणजे शहरात २८ रुपये ३२ पैसे आणि शहराबाहेर ६१ रुपये ३६ पैसे. एखाद्या पतसंस्थेला शहराबाहेरच्या एक हजार कर्जदारांना साधी एकपानी नोटीस पाठवायची असेल, तर जेथे २५,९६० रुपये लागत तेथे आता ६१,३६० रुपये लागतात.

दुसरी बाजूही आहे. शहरातल्या शहरात जाणारे चाळीस ग्रॅमहून जास्त पण पन्नास ग्रॅमच्या आतले जाड पाकीट पूर्वी नोंदणीने ३७ रुपये ७६ पैशांना जात असे. ते आता २८ रुपये ३२ पैशांत जाते, आणि त्याचा मागोवाही अधिक चांगला मिळतो. म्हणून या बदलाला सरसकट विरोध करणारे पत्र संघाने पाठवू नये, असा निर्णय कार्यकारिणीत झाला. चर्चा बरीच तापली होती, पण निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. आमची मागणी नेमकी आहे: ज्या नोटिशीला वेगाची गरज नसते, फक्त पोचल्याचा पुरावा हवा असतो, तिच्यासाठी वीस ग्रॅमचा वेगळा टप्पा द्यावा. तसेच नव्या घाऊक ग्राहकांना जाहीर झालेली पाच टक्के सवलत वर्षानुवर्षे टपाल देत आलेल्या जुन्या ग्राहकांनाही मिळावी. गावोगावच्या छोट्या पतसंस्था मोठ्या करारांच्या सवलतीपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि तेथील कर्जदारापर्यंत नोटीस पोचणे हा त्याचाही हक्क आहे.

पिनकोडवार गठ्ठे लावून दिले तर सवलत का मिळावी?

कारण आम्ही जे काम करून देतो, ते खात्याला करावे लागत नाही. एवढे साधे आहे हे.

अमेरिकेत १९७६ मध्ये पहिल्या वर्गाच्या टपालासाठी आधीच वर्गवारी करून दिलेल्या पत्रांना कमी दर लागू झाला. टपाल खात्याचे जेवढे काम वाचते, तेवढी सवलत द्यायची, हे तत्त्व २००६ च्या तेथील कायद्यातही आले; वाचलेल्या खर्चापेक्षा जास्त सवलत शक्यतो देऊ नये, असा त्याचा रोख आहे. त्या तत्त्वावर तेथील वर्गवारीचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. आमचे म्हणणे असे की हे तत्त्व आपल्याकडेही हिशेबात बसणारे आहे.

पिनकोडची वर्गवारी वाटते तितकी सोपी नसते. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस होते, याचा आम्हाला अभिमान आहे. सहा आकड्यांपैकी पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन बटवड्याचे कार्यालय. परंतु हा वर्गवारीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एक नसतो. नाशिक शहर ४२२ मध्ये येते, तर नाशिक जिल्ह्यातीलच मालेगाव, मनमाड, येवला ४२३ मध्ये. उलट संगमनेर आणि अकोले अहिल्यानगर जिल्ह्यात असूनही त्यांचे पिन ४२२ ने सुरू होतात, आणि कोपरगावचा ४२३ ने. नवा मुलगा कामावर आला की पहिल्या आठवड्यात संगमनेरची पाकिटे हमखास अहिल्यानगरच्या ४१४ च्या गठ्ठ्यात लावतो, आणि ती पाकिटे नगर पाहून परत इकडे येतात. अनुभवी बाई पत्ता वाचतच नाही, फक्त आकड्यांवरून नजर फिरवते आणि पाकीट बरोबर खणात टाकते. हे कौशल्य टपाल खात्याच्या कामाचेच आहे. ते पगारावर घेतलेले माणूस त्यांचे नसून आमचे आहे, इतकाच फरक. त्याचा मोबदला दरात दिसला पाहिजे.

वजनाचा प्रश्न संघ इतका लावून का धरतो?

ऐंशी जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम भरणाऱ्या) ए-फोर कागदाचा एक ताव जवळजवळ पाच ग्रॅमचा असतो. तीन ताव आणि हलके पाकीट धरले की वीस ग्रॅमच्या आत कसेबसे बसते. त्यात एक पिन मारली, किंवा पाकीट जरा जाड आले, की पुढचा टप्पा लागतो. १८ जुलै २०२२ पासून दहा ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या साध्या पाकिटालाच जीएसटीची सूट राहिली. म्हणजे एका तावाचे पत्र सुटते, पण दोन ताव झाले की कागदच दहा ग्रॅमला पोहोचतो आणि पाकिटासह ते करात येते.

आता यात नाशिकचा पावसाळा धरा. कागद हवेतील ओलावा शोषतो. मे महिन्यात ४९ ग्रॅम भरलेला अहवाल ऑगस्टच्या संततधारेत, गोदामात चार दिवस राहिल्यावर, पन्नासच्या पुढे जातो. हे मी स्वतः आमच्या काट्यावर पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी शहरातील एका टपाल कार्यालयात आमचे अकराशे अहवाल याच कारणाने संध्याकाळी परत पाठवण्यात आले. मुदतीला एक दिवस उरला होता. आम्ही रात्री प्रत्येक पाकीट उघडून त्यातील जाहिरातीचे पान काढले, पुन्हा डिंक लावला आणि सकाळी दहाला काउंटरवर उभे राहिलो. त्या रात्री थांबलेल्या सात बायकांपैकी एकीनेही घरी जाते म्हटले नाही.

कर्मचाऱ्याची त्यात चूक नव्हती, काट्यावर जो आकडा दिसला तो त्याने मानला. म्हणूनच आमची मागणी कर्मचाऱ्याविषयी नाही, नियमाविषयी आहे. घाऊक टपालाचे वजन शंभर पाकिटे एकत्र ठेवून सरासरीने करावे, आणि पावसाळ्यात अल्पशी सूट मान्य करावी. तोपर्यंत सदस्यांना आमचा सल्ला असा की अहवालाचा कागद निवडतानाच ग्राहकाला सत्तर जीएसएम सुचवावा आणि टप्प्याच्या दोन ग्रॅम आत राहावे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एवढी घाई का असते?

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत सभेच्या नोटिशीसाठी पूर्ण चौदा दिवस सांगितलेले आहेत. कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने पूर्ण एकवीस दिवस आहेत. ताळेबंद आणि लेखापरीक्षण जुलै-ऑगस्टपर्यंत लांबते, आणि मग जिल्ह्यातील साऱ्या संस्था एकाच पंधरवड्यात आमच्या दारात येतात. या काळात काउंटर दुपारनंतर दोन तास जादा चालू ठेवावा, अशी विनंती संघ दर वर्षी जूनमध्येच करतो. उशिरा केलेली विनंती मान्य झाली तरी उपयोगाची नसते.

सिंहस्थ कुंभमेळ्याचा या कामाशी काय संबंध?

फार जवळचा आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी होणार असून प्रमुख अमृतस्नाने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, म्हणजे नेमक्या आमच्या नोटिशींच्या हंगामात. त्या दिवसांत पंचवटी आणि जुन्या नाशकात वाहनबंदी असणार, नाशिकरोड स्थानकावर गर्दी असणार आणि पोस्टमनला बटवड्यासाठी गल्लीत शिरणेही अवघड होणार. भाविकांची सोय आधी झाली पाहिजे, याबद्दल आमच्यात दुमत नाही. परंतु सभेची नोटीस चौदा दिवस आधी पोचली नाही तर सभा बेकायदा ठरू शकते. त्यामुळे स्नानाच्या तारखांच्या आसपास सातपूर-अंबड भागातून टपाल स्वीकारण्याची पर्यायी व्यवस्था करावी, हा विषय आम्ही आत्तापासून हाती घेतला आहे, आणि सहकारी संस्थांनाही त्या वर्षी सभा जुलैमध्ये उरकण्याची विनंती करत आहोत.

बुकपोस्ट गेले, ज्ञान पोस्ट आले, नियतकालिकांचे काय?

नोंदणीकृत बुकपोस्टची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा प्रकाशक आणि वाचक दोघांनीही आवाज उठवला. त्यानंतर १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झाले. पाठ्यपुस्तके, साहित्यिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तके तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंत १०० रुपयांत, कर वेगळा, अशी ही सोय आहे. पुस्तकांसाठी ती चांगली आहे. मात्र ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने तीत बसत नाहीत.

मासिकांना नोंदणीकृत वृत्तपत्राचा सवलतीचा दर मिळू शकतो. जुन्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्यासाठी अंक एकतीस दिवसांहून जास्त अंतराने निघता कामा नये आणि वर्गणीदारांची खरी यादी असली पाहिजे. येथे वर्षातून एकदाच निघणारा दिवाळी अंक अडकतो. तो पुस्तक मानला जात नाही आणि एकतीस दिवसांच्या व्याख्येतही येत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला महागडा दर येतो. शंभराहून अधिक वर्षांची ही मराठी परंपरा एका व्याख्येच्या फटीत सापडली आहे. वार्षिक वाङ्मयीन अंकांना ज्ञान पोस्टची सोय द्यावी, ही मागणी आमच्या व्यवसायापुरती नाही, आणि तिच्यासाठी ग्रंथालये व संपादक यांनीही आमच्यासोबत पत्रे पाठवावीत असे आम्हाला मनापासून वाटते.

ई-मेल आणि व्हॉट्सॲपच्या काळात हा व्यवसाय टिकेल का?

टपाल कमी होत आहे, हे आम्ही लपवत नाही. डेन्मार्कमध्ये तर तेथील टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रांचा बटवडाच थांबवला. आपल्याकडेही, ज्यांनी ई-मेल नोंदवलेला नाही अशा भागधारकांना संपूर्ण अहवालाऐवजी संकेतस्थळाचा दुवा देणारे एकपानी पत्र चालते. शंभर पानांचे काम एका पानावर आले.

तरीही सुरगाण्याच्या किंवा पेठच्या वाडीतील सभासदापर्यंत संस्थेचा कागद पोचवणारी एकच खात्रीची यंत्रणा आजही आहे, ती म्हणजे टपाल. ज्याच्याकडे फोन आहे पण चार्जिंग नाही, किंवा फोन नातवाच्या हातात आहे, त्याला सभेची तारीख कळण्याचा तोच मार्ग आहे. म्हणून टपालाला मागे रेटणाऱ्या कोणत्याही तरतुदीवर हरकत घेताना आम्ही एकच सूत्र धरतो: इलेक्ट्रॉनिक नोटीस जरूर असावी, पण सभासदाने स्वतःहून संमती दिल्यावरच ती कागदाच्या जागी यावी.

परत आलेल्या पाकिटांबाबत संघ काय करतो?

सदस्यांकडून ती गोळा करतो. ‘पत्ता अपुरा’, ‘सोडून गेले’, ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’ अशा शेऱ्यांप्रमाणे ती वेगळी लावली की चित्र स्पष्ट होते. पाथर्डी फाटा, आडगाव, गंगापूर रोडच्या पलीकडच्या नव्या वसाहतींमध्ये ‘पत्ता अपुरा’ हा शेरा जास्त दिसतो, कारण पत्ता ‘रुग्णालयाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ’ असा असतो. यात मोठा दोष यादीचा, म्हणजे आमच्या ग्राहकाचा असतो, आणि ते ग्राहकाला सांगणे हेही संघाचे काम आहे. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणले; दहा अक्षर-आकड्यांच्या या संकेताने सुमारे चार मीटर गुणिले चार मीटरचा चौकोन ओळखता येतो. नव्या वसाहतींतील यादीत तो भरून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. पिनकोड मात्र पाकिटावर हवाच, कारण गठ्ठा त्यावरच लागतो.

सभासदांच्या याद्या आमच्याकडे असतात. नव्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याचे काय?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संगणकावरील यादीला लागू होतो, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. यादी ग्राहकाची असते आणि आपण त्याच्या वतीने ती हाताळतो, म्हणून लेखी करार हवाच. काम झाल्यावर यादी पुसून टाकल्याचे पत्र ग्राहकाला द्यावे. एका संस्थेची यादी दुसऱ्या कामाला वापरणाऱ्या सदस्याची बाजू संघ घेणार नाही.

संघ सदस्यांच्या कामाचे दर ठरवून देतो का?

नाही. व्यावसायिकांनी मिळून भाव ठरवणे हा २००२ च्या स्पर्धा कायद्याचा भंग आहे, आणि असे बोलणे बैठकीत निघाले तर अध्यक्ष ते तेथेच थांबवतात.

सदस्य व्हायचे असल्यास पहिल्या बैठकीला काय आणावे?

गेल्या वर्षभरातील टपालाच्या पावत्या, घाऊक टपाल दिल्याच्या तारखांची वही आणि परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा न फोडता आणावा. शेरा आणि शिक्के दोन्ही वाचता आले पाहिजेत, त्यामुळे पाकिटांवर पुन्हा काही लिहू नये आणि स्टेपल मारू नये. तारखांची वही नसेल तर आजपासून सुरू करावी: टपाल दिले तो दिवस, वजन, नग आणि ओळखीच्या पाच पत्त्यांवर ते पोचले तो दिवस, एवढे चार रकाने पुरेत. या पाच पत्त्यांपैकी निदान एक तालुक्याच्या गावाबाहेरचा असावा.